चिंपांझीचा हलता चेहरा: 'प्लॅनेट ऑफ द एप्स'च्या धर्तीवर लेटेक्सची रंगभूषा

दुकानातला रबरी माकडाचा मुखवटा आणि १९६८च्या 'प्लॅनेट ऑफ द एप्स' या चित्रपटातली चिंपांझी झिरा यांच्यात मुख्य फरक एवढाच, की झिरा बोलते तेव्हा तिचे गाल हलतात. मुखवटा डोक्यावरून ओढून घालतात, त्यामुळे तो आतल्या माणसाच्या चेहऱ्यापासून सुटा राहतो. त्याच चित्रपटात गर्दीत मागे उभ्या असलेल्यांना असे ओढून घालायचे मुखवटे दिले होते. दूरवरून ते खपतात. पुढच्या ओळीतल्या नटांच्या चेहऱ्यावर मात्र फोम लेटेक्सचे, म्हणजे फेसाळून भाजलेल्या मऊ रबराचे, तुकडे चिकटवलेले होते. कपाळ, नाक आणि वरचा ओठ यांचा एक तुकडा, खालचा ओठ आणि हनुवटीचा दुसरा, शिवाय कान. डोळे नटाचे स्वतःचे.

ही रचना जॉन चेंबर्स या रंगभूषाकाराची. जखमी सैनिकांसाठी चेहऱ्याचे कृत्रिम अवयव बनवण्याचा अनुभव त्याच्या गाठीशी होता. ऑस्करमध्ये तेव्हा रंगभूषेचा नियमित विभाग नव्हता, म्हणून त्याला या कामासाठी मानद पुरस्कार देण्यात आला. २००१च्या चित्रपटात रिक बेकरनेही चिकटवायचे तुकडेच वापरले. २०११पासूनचे सीझर वगैरे वानर मात्र संगणकावर घडलेले आहेत. ते घरी करता येणार नाहीत, तेव्हा ते सोडून देऊ.

खाली दिलेली पद्धत एकांकिका, बालनाट्य, लघुपट किंवा कॉसप्लेसाठी (आवडत्या पात्राचा वेश करण्यासाठी) आहे. फोम लेटेक्सऐवजी साधे द्रव लेटेक्स ब्रशने लावून तुकडे करायचे आहेत. हालचालीत ते फोमच्या तोडीचे होत नाहीत, पण जाडी कुठे किती ठेवायची हे नीट सांभाळले तर बरेच जवळ जातात. खरी मेख त्या जाडीतच आहे.

साहित्य

दातांच्या दवाखान्यांना माल पुरवणाऱ्या दुकानातून अल्जिनेटची (पाण्यात कालवून ठसा घ्यायच्या पावडरीची) ४५० ग्रॅमची दोन पाकिटे आणि ३ किलो डेंटल स्टोन (पीओपीपेक्षा टणक होणारे प्लॅस्टर) घ्या. औषधाच्या दुकानातून १५ सेंटिमीटर रुंदीची प्लॅस्टर बँडेजची ४ गुंडाळी. साच्यासाठी ८ ते १० किलो पीओपी आणि मूठ-दोन मुठी काथ्या. गणपतीच्या कारखान्यांना सामान देणारे दुकानदार दोन्ही ठेवतात. दीड किलो तेलातली माती, म्हणजे न वाळणारी प्लॅस्टिसिन जातीची. शाडू इथे फक्त बांध घालायला वापरा. चेहरा शाडूत घडवला तर काम दोन-तीन दिवस चालते, तेवढ्यात पातळ कडा वाळून तडकतात.

लेटेक्स १ लिटर लागेल, पण ते घेताना 'प्री-व्हल्कनाइज्ड', म्हणजे रबर पक्के व्हायची प्रक्रिया आधीच केलेले, आहे का हे विचारूनच घ्या. केरळातून येणारे साधे ६० टक्क्यांचे लेटेक्स दिसायला अगदी तसेच असते. ते वाळल्यावर चिकट राहते आणि ताणले की फाटते. बहुतेकांचा पहिला तुकडा इथेच वाया जातो.

याखेरीज टाल्कम पावडर, व्हॅसलिन, मऊ स्पंजचा एक सेंटिमीटर जाडीचा तुकडा, स्पिरिट गम आणि प्रॉस-एड (दोन्ही कातडीवर चिकटवायचे गोंद), ॲक्रिलिक रंग, ॲक्रिलिकचे दात, क्रेप केस (नकली दाढी-मिशीसाठी मिळणारे) आणि जुना काळपट-तपकिरी टोप.

कामाला हात घालण्याआधी नटाच्या कोपराच्या आतल्या बाजूला लेटेक्स आणि गम यांचे दोन ठिपके लावून २४ तास थांबा. खाज आली, चट्टा उठला तर त्या माणसावर हे काम करायचे नाही. लेटेक्सची ॲलर्जी गंभीर होऊ शकते. मिशी काढलेली हवी. वरचा ओठ कातडीला पक्का चिकटला नाही तर पुढची सगळी मेहनत फुकट जाते.

चेहऱ्याचा ठसा

नटाला खुर्चीत जवळजवळ ताठ बसवा. आडवे झोपवले की गाल कानांकडे ओघळतात आणि तयार तुकडा उभ्या माणसाला बसत नाही. केसांवर क्लिंग फिल्म गुंडाळा, भुवया-पापण्यांना व्हॅसलिन लावा. नाकपुड्यांत स्ट्रॉ घालू नका. त्याने नाकाचा आकार बिघडतो आणि चुकून धक्का लागला तर इजा होते. एका माणसाने फक्त नाकपुड्यांवर लक्ष ठेवायचे, दुसरे कुठलेही काम करायचे नाही. सर्दी असलेल्या माणसाचा ठसा त्या दिवशी घेऊ नका. बोलता येत नसल्यामुळे हाताची खूण आधी ठरवून घ्या: अंगठा वर म्हणजे ठीक, हात हलवला तर सगळे ताबडतोब काढायचे.

डेंटल अल्जिनेट तीन-चार मिनिटांत घट्ट होते. फ्रिजमधले थंड पाणी वापरले की थोडी उसंत मिळते. ४५० ग्रॅमला साधारण १ लिटर पाणी, इडलीच्या पिठाइतके सरबरीत. कपाळावरून खाली ओघळू द्या, डोळ्यांच्या कोपऱ्यांत आणि नाकाच्या बाजूंना बोटांनी दाबून भरा. ते घट्ट झाले की वर प्लॅस्टर बँडेजच्या चार घड्या ओल्या करून लावा. नुसते अल्जिनेट लिबलिबीत असते, त्याला हे कवच लागते. पीओपी थेट कातडीवर कधीही लावायचे नाही. घट्ट होताना ते तापते आणि भाजते.

दहा-बारा मिनिटांनी नटाला कवचाच्या आत चेहरा वेडावाकडा करायला सांगा. ठसा सुटतो आणि पुढे ओढून निघतो. नाकपुड्यांची भोके बाहेरून अल्जिनेटच्या गोळ्याने बुजवा आणि लगेच डेंटल स्टोन ओता: ३ किलोला साधारण ९०० मिलिलिटर पाणी, पावडर पाण्यात टाकायची, पाणी पावडरीत नाही. 'चहा घेऊन येतो' म्हणून ठसा तासभर ठेवला तर अल्जिनेट सुकून आकसते. मग तयार तुकडा नटाला घट्ट होतो, आणि कारण कोणाच्या लक्षात येत नाही.

मातीकाम

आधी वरचा तुकडा पूर्ण करायचा, लेटेक्समध्ये काढायचा, तो डेंटल स्टोनच्या चेहऱ्यावर, म्हणजे प्रतिकृतीवर, बसवायचा आणि मग त्याला जुळवून खालचा घडवायचा. दोन्ही एकदम घडवले तर ओठांची आतली वळणे नीट काढता येत नाहीत आणि साचा गुंतागुंतीचा होतो.

चिंपांझीची ओळख चार गोष्टींनी होते: दोन्ही डोळ्यांवरून सलग जाणारा भुवईचा उंचवटा, जवळजवळ सपाट नाक, नाकापासून ओठापर्यंतचे लांबलचक अंतर आणि पुढे आलेले तोंड. माणसाचे नाक मात्र कापता येत नाही. ते झाकायचे तर तोंड नाकाच्या टोकाच्या पुढे न्यावे लागते, आणि तोंड जितके पुढे तितके ते नटाच्या ओठांपासून दूर. चित्रपटातले वानर खऱ्या चिंपांझीपेक्षा माणसाकडे झुकलेले दिसतात ते या तडजोडीमुळेही. नटाच्या ओठापासून ३ ते साडेतीन सेंटिमीटरपेक्षा पुढे जाऊ नका. नाकाच्या पाळ्यांवरची माती ३-४ मिलिमीटरच ठेवा. ज्याचे नाक सरळ आणि टोकदार आहे त्याला चिंपांझी करण्याऐवजी गोरिला करा. त्याच्या रुंद नाकपुड्यांत बरेच लपते.

वानराच्या ओठांचे कोपरे नटाच्या ओठांच्या कोपऱ्यांच्या समोर, त्याच उंचीवर आले पाहिजेत. ते बाजूला किंवा वर-खाली सरकले तर जबडा उघडताना तुकडा तिथे चुरगळतो. गालावर, नाकाच्या बाजूने खाली येणारी माणसाची घडी जिथे आहे तिथेच वानराची खोल घडी काढा. कातडी जिथे वाकते तिथेच रबरही वाकले पाहिजे.

कडा कपाळावर, गालांवर आणि कानशिलांवर हळूहळू शून्यावर आणा. मातीवर पातळ प्लॅस्टिकची पिशवी ताणून वरून बोथट काडीने सुरकुत्या ओढा. थेट मातीवर ओढल्या तर नांगरल्यासारख्या दिसतात. डोळ्यांभोवती सुरकुत्या दाट, तोंडावर उभ्या आणि विरळ. तुकड्याच्या दाताच्या जागी ॲक्रिलिकचे दात पुढे बसवायचे आहेत, तेव्हा वरच्या ओठाच्या आत ५ मिलिमीटरची खाच आताच ठेवा.

साचा

मातीभोवती उघड्या राहिलेल्या स्टोनला साबणाच्या घट्ट पाण्याचे दोन-तीन हात द्या, नाहीतर पीओपी त्याला कायमचे धरेल. मातीच्या कडेपासून दोन बोटे अंतरावर शाडूचा ५ सेंटिमीटर उंच बांध घाला.

पीओपी १ किलोला ७०० मिलिलिटर पाणी. पहिला थर पातळ, मऊ ब्रशने, प्रत्येक सुरकुतीत फुंकर मारत. बुडबुडा राहिला तर रबरावर मस उठतो. दुसऱ्या थरात काथ्या बुडवून घाला, एकूण जाडी अडीच ते तीन सेंटिमीटर. वरच्या तुकड्याला ३ ते ४ किलो पीओपी पुरते.

साचा गरम होऊन पुन्हा थंड झाला की उघडा, माती काढा, आत अडकलेले कण लाकडी काडीने आणि साबणाच्या पाण्याने स्वच्छ करा. आत तेल, व्हॅसलिन, वंगण काहीही लावायचे नाही. लेटेक्स साच्यात चढते ते पीओपी पाणी शोषते म्हणून. ओशट साच्यात ते ओघळून तळाशी जमते, आणि तेलाने रबर कुजते ते वेगळेच. साचा दोन-तीन दिवस वाळू द्या. कोकणात किंवा मुंबईत पावसाळ्यात आठवडाही लागतो; गालाला लावून गार लागला तर तो अजून ओला आहे.

लेटेक्सचे हात

साचा लेटेक्सने भरून, थोड्या वेळाने ओतून टाकायची एक सोपी पद्धत आहे. तिने सगळीकडे सारखीच जाडी येते, म्हणजे पुन्हा दुकानातला मुखवटा. ब्रशनेच करा.

ब्रश आधी साबणाच्या पाण्यात बुडवून झटका. नाहीतर पाच मिनिटांत त्याचा दांडा होतो. लेटेक्सला अमोनियाचा उग्र वास असतो, खिडक्या उघड्या ठेवा. त्यात थोडा तपकिरी ॲक्रिलिक रंग मिसळा, १०० मिलिलिटरला एक छोटा चमचा. ओले असताना रंग दुधट फिका दिसतो आणि वाळल्यावर बराच गडद होतो, त्यामुळे आधी एका जुन्या पीओपीच्या तुकड्यावर वाळवून बघा.

पहिले दोन हात मातीच्या कडेच्याही एक सेंटिमीटर बाहेरपर्यंत. तिसऱ्यापासून प्रत्येक हात आधीच्यापेक्षा ५ मिलिमीटर आत थांबवा, म्हणजे कड आपोआप पातळ होत जाते. भुवईचा उंचवटा आणि नाकाचा वरचा भाग यांना ८ ते १० हात, तिथे आकार टिकायला हवा. वरच्या ओठाला ५-६. गालावरच्या घडीत आणि डोळ्यांच्या बाहेरच्या कोपऱ्यांत फक्त ३. प्रत्येक हात पांढुरका ओला न राहता पारदर्शक झाला की पुढचा; पंख्याखाली अर्धा तास, दमट हवेत दुप्पट. घाईने ओल्यावर ओला थर चढवला की वरून कातडी धरते आणि आतले पाणी महिनाभर निघत नाही.

शेवटच्या हातानंतर २४ तास थांबा. काढण्याआधी आत टाल्कम पावडर सढळ हाताने मारा आणि कड सोडवत सोडवत पुढेही मारत राहा. पावडरीशिवाय काढलेली पातळ कड स्वतःवर दुमडते आणि चिकटते ती कायमचीच.

आता स्पंज. तुकडा नुसताच चिकटवला तर नटाचा ओठ आणि रबराचा ओठ यांत पोकळी राहते, आतल्या ओठाची हालचाल बाहेर पोचतच नाही. ती पोकळी मऊ स्पंजच्या तासलेल्या तुकड्यांनी भरा आणि लेटेक्सनेच आत चिकटवा. तुकडा प्रतिकृतीवर दाबून बघा: स्पंज ओठाला टेकला पाहिजे, पण त्याने ओठ दाबला जाता कामा नये. नटाला तुकडा हाताने धरून 'बाप, फुगा, भूक, माप' म्हणायला सांगा. ओष्ठ्य वर्ण फसफसले तर स्पंज ३-४ मिलिमीटर तासा. मराठी संवादात प-फ-ब-भ-म इतक्यांदा येतात की ही चाचणी टाळून चालणार नाही. नाकपुड्यांतून ७-८ मिलिमीटरची भोके आरपार पाडा, आणि स्पंज त्यांच्या आड येत नाही ना ते पाहा.

खालचा तुकडा याच रीतीने, पण सोपा. जबडा आख्खा हलतो, तुकडा त्याच्याबरोबर जातो. हनुवटीची वाटी मात्र घट्ट बसली पाहिजे. कानांना साचा लागतो पण स्पंज नाही. ५ हात पुरे.

फोम लेटेक्स करायचे असेल तर

कॅमेरा दोन फुटांवर येणार असेल तर फोमला पर्याय नाही. चार घटकांचे किट मिळते. नेहमीचे प्रमाण वजनाने लेटेक्स १५० ग्रॅम, फेस आणणारे ३०, पक्के करणारे १५ आणि गोठवणारे १४. पहिले तीन घटक स्टँड मिक्सरमध्ये फेटून फुगवायचे, मग गती कमी करून मोठे बुडबुडे मोडायचे आणि सगळ्यात शेवटी गोठवणारा घटक. मग चेहऱ्याची प्रतिकृती आणि साचा यांच्या मधल्या जागेत भरून ८५ अंश सेल्सिअसला साधारण तीन-चार तास भाजायचे. इथे प्रतिकृती साच्यात नेमकी बसावी म्हणून खुणेचे खड्डे आधीच कोरावे लागतात. आपल्याकडच्या उन्हाळ्यात फेस भांड्यातच गोठतो. खोली २०-२२ अंशांवर आणा, तरी गोठला तर गोठवणारा घटक एक-दोन ग्रॅमने कमी करा. ओव्हन वेगळा ठेवा, त्यात पुन्हा अन्न शिजवायचे नाही. तांब्या-पितळेची भांडी वापरू नका, तांब्याने रबर खराब होते.

चेहऱ्यावर चढवणे

पहिल्या वेळी तीन तास धरून चाला. चेहरा साबणाने धुऊन कोरडा करा, भुवया गमने दाबून बसवा.

वरचा तुकडा नाकाच्या मुळापासून सुरू करा आणि मधून बाहेर जात चिकटवा. कडेपासून सुरुवात केली की मध्ये फुगा राहतो. वरच्या ओठाला गोंद नीट लावा, तो हलण्याचा मुख्य सांधा आहे. भुवईच्या आतल्या बाजूलाही. गालाचा मधला भाग मात्र सुटाच ठेवा, तिथे रबराला सरकायला जागा लागते. ओठांचे कोपरे सध्या सोडा. खालचा तुकडा लावताना नटाने तोंड अर्धे उघडे ठेवायचे. मिटल्या तोंडावर चिकटवलेला तुकडा पहिल्याच जांभईला सुटतो. तो बसला की मग दोन्ही कोपरे एकावर एक घ्या.

स्पिरिट गम आपल्या नाटकवाल्यांच्या सवयीचा आहे, पण तो कडक होतो आणि घामाने तडकतो. ओठांभोवती आणि घड्यांवर प्रॉस-एड वापरा, गम कपाळावर ठेवा.

लेटेक्सची कड कशातही विरघळत नाही. तिच्यावर थेंबभर लेटेक्स स्पंजने टिपून वाळवायचे, दोन-तीनदा. जिथे तरीही दिसते तिथे केस. गालांवरचे आणि कपाळावरचे केस मुळात याच कामाला येतात. क्रेप केस ओले करून, ताणून वाळवून सरळ करा, मग जबड्याकडून वर, कौले शाकारतात तसे थर देत लावा.

रंगासाठी प्रॉस-एड आणि ॲक्रिलिक निम्मे-निम्मे मिसळा, सुकल्यावर पावडर. नेहमीचा तेलकट मेकअप रबर पिऊन टाकते आणि तासाभरात चेहरा राखाडी दिसतो. सुरकुत्यांत काळा नको, गडद तपकिरी. नटाच्या पापण्या आणि डोळ्यांभोवतीची उघडी कातडी त्याच रंगात रंगवली नाही तर चष्मा घातल्यासारखे दिसते. नटाचे स्वतःचे दात रंगमंचासाठी मिळणाऱ्या काळ्या दंतरंगाने झाका, म्हणजे तोंड उघडल्यावर दातांच्या दोन ओळी दिसणार नाहीत. माइक टोपात, कपाळावर.

घालून वावरताना

पहिल्या पाच चित्रपटांपैकी चारांत वानर झालेला रॉडी मॅकडॉवेल सहकाऱ्यांना सांगत असे, की चेहरा सतत हलता ठेवा; नाक मुरडा, ओठ चाळवा. संवाद नसतानाही. स्थिर राहिले की रबर रबर दिसते. हालचाल नेहमीपेक्षा दीडपट मोठी करावी लागते, आणि ती आरशासमोर ठरवून घ्यायची गोष्ट आहे.

त्या चित्रपटाचे चित्रीकरण १९६७च्या उन्हाळ्यात झाले, त्यातला काही भाग ॲरिझोना-युटाच्या वाळवंटात. आपल्याकडच्या मे महिन्यात वेगळे काही नाही: घाम तुकड्याखाली साचतो आणि हनुवटीपासून कड सुटते. प्रवेशांच्या मध्ये पंखा, मानेमागे ओला रुमाल, आणि सुटलेल्या जागी आधी टिश्यूने घाम टिपून मगच पुन्हा गम. ओल्यावर लावलेला गम धरत नाही. पाणी-ताक स्ट्रॉने. खायचे झाले तर आरसा धरून लहान घास. तेलकट पदार्थ नको, ओठांची कड पहिल्यांदा तेलानेच जाते. सलग चार-पाच तासांपेक्षा जास्त ठेवू नका.

काढताना ओढायचे नाही. गमच्या रिमूव्हरमध्ये ब्रश भिजवून कड आणि कातडी यांच्या मध्ये घाला, वरून खाली, पंधरा-वीस मिनिटे. डोळ्यांजवळ रिमूव्हर नको, तिथे साबणाचे कोमट पाणी. ब्रशने केलेले लेटेक्सचे तुकडे नीट काढले तर चार-पाच प्रयोग चालतात. फोमची कड बहुधा एकदाच चालते, म्हणून फोमचे प्रत्येक प्रयोगाला नवे तुकडे ओतून ठेवावे लागतात. वापरलेला तुकडा आतून स्पिरिटने पुसा, वाळवा, पावडर मारून डेंटल स्टोनच्या प्रतिकृतीवरच बसवून अंधाऱ्या कपाटात ठेवा. डब्यात दुमडून ठेवला तर पुढच्या वेळी भुवई वाकडी निघते.